टाकी बदलली की फोर्कलिफ्ट त्रास देते: गॅसचा वास, बर्फ आणि अडकणारं इंजिन

एलपीजीवर चालणाऱ्या फोर्कलिफ्टची तक्रार बहुतेक ठिकाणी सारखीच असते. जुनी टाकी संपेपर्यंत गाडी ठणठणीत चालते. नवी लावली की कपलरपाशी, म्हणजे टाकी आणि होज (गॅस नेणारा पाइप) जोडणाऱ्या आट्यांच्या जोडापाशी, वास येतो, नाहीतर सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते, नाहीतर गाडी चालू होते आणि डॉकपर्यंत जाऊन बंद पडते. मेकॅनिक येतो, प्लग साफ करतो, किट उघडून बसवतो, गाडी चालते. पुढच्या टाकीला पुन्हा तेच.

बिघाड टाकीबरोबर येत असेल आणि टाकीबरोबर जात असेल, तर तो इंजिनात शोधत बसू नका. टाकी काढून दुसरी लावण्याच्या पाच-सात मिनिटांत काय होतं ते उभं राहून बघा. सातपूर-अंबडचा कारखाना असो, सिन्नरचं गोदाम असो की पिंपळगावकडचं द्राक्षांचं पॅकहाउस, दहापैकी बहुतेक तक्रारींचं मूळ त्या पाच-सात मिनिटांतच सापडतं.

इथे लिहिलंय ते रिकामी टाकी उतरवून भरलेली चढवायच्या गाड्यांबद्दल. टाकी चासीला कायमची बसवलेली असेल, तर ती फक्त परवाना असलेल्या ऑटो एलपीजी पंपावर, इंजिन बंद करून आणि ऑपरेटर खाली उतरल्यावरच भरायची. कारखान्याच्या आवारात भरायची नाही.

होजमध्ये उरलेला गॅस

फोर्कलिफ्टची टाकी घरच्यासारखी वरची वाफ देत नाही, द्रव देते. टाकीत आत नळी असते, ती तळातून द्रव एलपीजी उचलते. द्रव होजमधून फिल्टरला, मग लॉक-ऑफ व्हॉल्व्हला आणि तिथून व्हेपोरायझरला जातो. इंजिनच्या गरम कूलंटवर त्याची वाफ होते आणि पुढे ती इंजिनात शिरते.

आता हिशेब करा. आतून ८ मिलिमीटरचा, एक मीटर लांब होज द्रवाने भरलेला असेल तर त्यात साधारण ५० मिलिलिटर एलपीजी राहतो. चहाचा छोटा कप. हवेत आल्यावर तो सुमारे २५० पट फुगतो, म्हणजे साडेबारा लिटर गॅस. हवेत गॅसचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास गेलं की ठिणगीने पेट घेतो. त्या हिशेबाने एका होजमधला गॅस सहाशे लिटरहून जास्त हवा पेटण्याजोगी करू शकतो. शिवाय एलपीजीची वाफ हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत सरपटते आणि खोलगट जागा शोधते.

म्हणून पहिला नियम असा: इंजिन चावीने बंद करायचं नाही, गॅस तोडून बंद पाडायचं. ऑपरेटर घाईत चावी फिरवतो, मग टाकीचा व्हॉल्व्ह बंद करतो आणि कपलर सोडतो. चावी फिरवताच लॉक-ऑफ बंद होतो, त्यामुळे टाकीच्या व्हॉल्व्हपासून लॉक-ऑफपर्यंतचा होज द्रवाने गच्च भरलेला राहतो. कपलर सोडल्याबरोबर फुस्स करून पांढरा फवारा येतो तो यामुळेच. आणि कपलर न सोडता गाडी तशीच उन्हात लावली, तर बंद जागेत अडकलेला द्रव तापून फुगतो. होजवर दाब सोडणारा छोटा रिलीफ व्हॉल्व्ह असतो म्हणून होज फुटत नाही, पण तो व्हॉल्व्ह गॅस बाहेरच सोडतो. दुपारी पार्किंगमध्ये अधूनमधून वास येतो आणि शोधायला गेलं की काही सापडत नाही, अशी तक्रार असेल तर आधी हे तपासा.

टाकी बदलण्याचा क्रम

१. गाडी उघड्यावर न्या. फोर्क जमिनीला टेकवा, गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक लावा. इंजिन चालूच ठेवा.

२. टाकीचा व्हॉल्व्ह घड्याळाच्या दिशेने हाताने पूर्ण बंद करा. इंजिन होजमधला गॅस जाळून आपोआप बंद पडेल. होजच्या लांबीप्रमाणे अर्ध्या मिनिटापासून दोनेक मिनिटं लागतात. मग चावी बंद.

३. चामड्याचे किंवा निओप्रीनचे हातमोजे आणि गॉगल घाला. सुती मोजे नकोत. द्रव त्यांत शोषला जातो आणि कातडीला चिकटून राहतो.

४. कपलर हाताने हळू सोडा. बारीक फुस्स झालं आणि थांबलं तर ठीक. फवारा थांबतच नसेल तर तिथेच पुन्हा आवळा.

५. कपलरच्या दोन्ही तोंडांत डोकावून ओ-रिंग (गॅस अडवणारी रबरी रिंग) बघा. होजच्या तोंडाला लगेच टोपी लावा.

६. पट्टा सोडून टाकी उतरवा. भरलेली १९ किलोची टाकी लोखंडासकट पस्तीस किलोच्या पुढे जाते. ती दोघांनी उचलायची, फोर्कवर ठेवून वर नेण्याची हुशारी नको.

७. नवी टाकी कॉलरचं भोक ब्रॅकेटच्या पिनेत बसवूनच ठेवा. पट्टा आवळा, टाकी हाताने फिरवून बघा. फिरली तर ती बसलेली नाही.

८. कपलर हाताने पूर्ण आवळा. पाना लावायचा नाही.

९. व्हॉल्व्ह पाव आटा उघडा, दहा आकडे मोजा, मग पूर्ण उघडा.

१०. साबणाचं पाणी लावून कपलर, व्हॉल्व्हचा दांडा आणि होजचे जोड तपासा. फुगा आला नाही तरच सेल्फ.

दुसऱ्या पायरीतून फुकटात एक तपासणी होते. व्हॉल्व्ह बंद करून दोन-अडीच मिनिटं झाली आणि इंजिन निवांत चालूच आहे, तर टाकीचा व्हॉल्व्ह आतून पास होतोय, म्हणजे बंद करूनही गॅस सोडतोय. त्याची सीट गेली आहे. अशी टाकी घाईने काढू नका. व्हॉल्व्ह हाताने आणखी आवळून बघा, पाना लावू नका. तरीही इंजिन थांबत नसेल तर गाडी उघड्यावरच राहू द्या, चावी बंद करा आणि वितरकाच्या माणसाला बोलवा.

पाळी संपताना गाडी लावायची असेल तेव्हाही हाच क्रम: आधी टाकीचा व्हॉल्व्ह, इंजिन आपोआप बंद, मग चावी. रात्रभर होज रिकामा राहतो.

वास येतोय, पण गळती सापडत नाही

बहुतेक वेळा दोष ओ-रिंगचा. कपलरचे जाड आटे गॅस अडवत नाहीत, ते फक्त दोन तोंडं एकमेकांवर दाबून धरतात. गॅस अडवते ती आतली रबरी रिंग. म्हणून त्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळून काहीही मिळत नाही. उलट टेपचे तुकडे आत जाऊन फिल्टरला अडकतात. पाना लावून आवळलं की रिंग चपटी होते, वास दोन दिवस थांबतो आणि मग आधीपेक्षा जास्त येतो. कपलर फिरवायची चकती प्लॅस्टिकची असेल तर तिला तडाही जातो.

रिंग हातात घेऊन बघा. ती गोल असायला हवी. एका बाजूने सपाट झालेली, नखाने दाबल्यावर बारीक भेगा दाखवणारी, किंवा फुगून खाचेत न मावणारी रिंग फेकायची. नवी रिंग नायट्राइलची किंवा व्हायटॉनची, कपलरच्या कंपनीने सांगितलेल्या मापाचीच. नळाच्या कामाची रिंग मापात बसली तरी एलपीजीत ती फुगते. काही कपलरमध्ये रिंग टाकीच्या बाजूला असते, काहींत होजच्या. ती कुठल्या बाजूला आहे हे ऑपरेटरला माहीत नसेल तर दोन प्रकार होतात. रिंग जुन्या टाकीला चिकटून परत जाते आणि नवी टाकी रिंगेशिवाय बसते. किंवा जुनी आतच राहते, तिच्यावर दुसरी बसवली जाते आणि कपलर पूर्ण आवळलाच जात नाही. रिंगेचे चार-पाच नग गाडीच्या टूलबॉक्समध्ये झिपच्या पिशवीत ठेवा. खर्च नगण्य आहे.

वास कधी येतो यावरूनही जागा कळते. टाकी लावल्यावर लगेच आणि सतत येत असेल तर कपलर किंवा व्हॉल्व्हचा दांडा. व्हॉल्व्ह उघडा ठेवून चावी बंद केल्यावर बॉनेटखालून येत असेल तर लॉक-ऑफ पूर्ण बंद होत नाही, गॅस व्हेपोरायझरमधून पुढे गळतोय. फक्त इंजिन चालू असताना सायलेन्सरकडून येत असेल तर मिश्रण श्रीमंत झालंय, म्हणजे हवेच्या मानाने गॅस जास्त जातोय, ते ट्यूनिंगचं काम. डोकेदुखी, चक्कर, मळमळ असेल तर तो एलपीजीचा वास नसून धुरातला कार्बन मोनॉक्साइड असू शकतो, आणि त्याला वासच नसतो. बंद गोदामात किंवा शीतगृहाच्या आत एलपीजीची गाडी तासन्तास चालवणं म्हणूनच चूक आहे. तिथे बॅटरीची गाडी घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत.

नाशिक जिल्ह्यापुरती एक अडचण वेगळी आहे. एलपीजीला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन मिसळतात. ते गंधकाचं संयुग आहे आणि सडक्या कांद्यातही गंधकाचीच संयुगं सुटतात. लासलगाव-पिंपळगावच्या कांद्याच्या गोदामात पावसाळ्यात चाळीतला माल सडू लागला की तिथे काम करणाऱ्याचं नाक दोन्हींत फरक करू शकत नाही. द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये पेटीत ठेवायच्या पॅडमधून सल्फर डायऑक्साइड सुटतो, त्याचा झोंबरा वास इतर वास झाकतो. शिवाय पाच-दहा मिनिटं त्याच वासात राहिलं की नाक त्याला सरावतं आणि वास गेलासा वाटतो. अशा जागी नाकावर भरवसा ठेवू नका. साबणाचं पाणी दर टाकीला लावा आणि एलपीजीसाठी कॅलिब्रेट केलेला गॅस डिटेक्टर जमिनीपासून फूटभर उंचीवर बसवा. भिंतीवर वर बसवलेला डिटेक्टर एलपीजीसाठी जवळपास निरुपयोगी.

साबणाचं पाणी म्हणजे भांडी घासायच्या साबणाचं पातळ पाणी, स्प्रेच्या बाटलीत. काच पुसायचं अमोनियावालं द्रव मारू नका, अमोनियाने पितळेला भेगा पडतात. काडी पेटवून गळती बघणारे महाभाग अजून आहेत, त्यांना टाकीच्या आसपास फिरकू देऊ नका.

भरलेली टाकी, तरी गाडी पकडत नाही

टाकीच्या व्हॉल्व्हच्या आत एक्सेस फ्लो व्हॉल्व्ह असतो. होज तुटला आणि गॅस धो-धो वाहू लागला तर तो आतून बंद व्हावा, हे त्याचं काम. पण रिकाम्या होजवर टाकीचा व्हॉल्व्ह झटक्यात उघडला तरी त्याला होज तुटल्यासारखंच वाटतं. होजमध्ये दाब शून्य, टाकीत पाच-सात बार. द्रव जोराने धावतो आणि व्हॉल्व्ह धाडकन बसतो. मग ऑपरेटर सेल्फ मारत राहतो. होजमधला थोडासा गॅस संपला की इंजिन गप्प.

उपाय सोपा आहे. टाकीचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. आतल्या स्प्रिंगने व्हॉल्व्ह मागे सरकतो, शांत जागी "टक्" असा आवाज ऐकू येतो. मग पाव आटा उघडून दहापर्यंत मोजा. होज भरला, दाब सारखा झाला की पूर्ण उघडा. पूर्ण उघडणं महत्त्वाचं. व्हॉल्व्ह अर्धवट ठेवला तर त्या अरुंद तोंडातून गॅस इतका कमी जातो की खरोखर होज तुटला तरी एक्सेस फ्लो बसणार नाही. वारंवार बसतो म्हणून व्हॉल्व्ह अर्धाच उघडायची सवय काही ठिकाणी लागलेली असते. ती मोडा.

हळू उघडूनही तो पुन्हा पुन्हा बसत असेल तर पुढे कुठेतरी मोठी गळती आहे किंवा व्हॉल्व्हच खराब आहे. दोन्हींत टाकी बंद करून थांबायचं.

गाडी चालू होते, मोकळी छान पळते, पण लोड उचलला की मिसिंग करते, असं असेल तर कपलरचे शेवटचे आटे राहिलेत का ते बघा. कपलरच्या आतली टोकं एकमेकांना पूर्ण ढकलल्याशिवाय आतला चेक व्हॉल्व्ह पूर्ण उघडत नाही. मग मोकळ्या गाडीला पुरेल इतकाच गॅस जातो. चार बोटांनी चकती फिरवून ती थांबते तिथपर्यंत न्या. अलीकडेच अडकत असेल तर आट्यांत कचरा आहे किंवा आटे तिरके चढलेत. सोडा, पुसा, पुन्हा लावा. होजच्या तोंडाची टोपी हरवली की ग्राइंडिंगची धूळ नाहीतर कांद्याचं टरफल आत जातं. टोपी साखळीने बांधून टाका.

निम्मी टाकी शिल्लक असताना बंद

हा प्रकार सगळ्यात जास्त फसवतो. गाडी अर्धी पाळी चालते, मग ताकद जाते. ऑपरेटर टाकी संपली म्हणून उतरवतो, टाकी परत जाते आणि आत सात-आठ किलो गॅस तसाच जातो. त्याचे पैसे तुम्ही भरलेले असतात.

कारण टाकीची बैठक. फोर्कलिफ्टची टाकी आडवी बसते आणि तिच्यातली नळी खाली वाकवलेली असते. पीन आणि कॉलरच्या भोकामुळे टाकी एकाच स्थितीत बसते: नळीचं टोक तळाशी, सेफ्टी रिलीफ व्हॉल्व्ह वर वाफेत. पीन तुटली म्हणून टाकी नुसती पट्ट्यावर बांधली तर ती फिरते. उलटी फिरली की नळीचं टोक वर येतं आणि द्रवाऐवजी वाफ जाऊ लागते. त्याहून वाईट म्हणजे रिलीफ व्हॉल्व्ह द्रवात बुडतो. उन्हात दाब वाढून तो उघडलाच तर वाफेऐवजी द्रव फेकेल, म्हणजे तेवढ्याच वेळात कितीतरी पट गॅस. पीन तुटली असेल तर गाडी उभी करा आणि पीन बसवून घ्या.

दुसरी शक्यता टाकीच चुकीची असल्याची. उभी ठेवून द्रव काढण्यासाठी केलेल्या टाकीत नळी सरळ तळापर्यंत जाते. ती आडवी केली की नळीचं टोक टाकीच्या मध्यावर येतं. पातळी निम्म्यावर उतरली की नळी उघडी. गाडी बरोबर निम्म्यावरच बंद पडत असेल तर हेच. आणि आत नळीच नसलेली साधी वाफेची १९ किलोची टाकी आली असेल तर ती फोर्कलिफ्टला चालणारच नाही. वितरकाकडे मागणी नोंदवताना "फोर्कलिफ्टसाठी, लिक्विड ऑफटेक, आडवी बसणारी" असं लेखी सांगा.

खात्री करायला वजनकाटा पुरतो. टाकीवर रिकाम्या टाकीचं वजन कोरलेलं असतं. उतरवलेली टाकी त्यापेक्षा किती जास्त भरते ते बघा. किलो-दीड किलोच्या पुढे गॅस सतत उरत असेल तर बैठक तपासा. भरलेली टाकी घेतानाही वजन करा. कोरलेलं वजन अधिक १९ किलो, त्याहून जड टाकी घेऊ नका. टाकीत वर साधारण वीस टक्के जागा वाफेसाठी रिकामी लागते. जास्त भरलेली टाकी उन्हाळ्यात द्रव फुगून रिलीफ व्हॉल्व्ह उघडते.

बर्फ कुठे जमलाय ते बघा

द्रवाची वाफ होताना तो आसपासची उष्णता खेचतो, म्हणून वाफ जिथे होते तिथे बर्फ जमतो. वाफ व्हायची एकच योग्य जागा आहे, ती व्हेपोरायझरच्या आत. इतर कुठे पांढरं दिसलं तर तिथे बिघाड आहे.

टाकीच्या अंगाच्या खालच्या भागावर पांढरं: टाकीतच वाफ होतेय, म्हणजे बैठक उलटी किंवा टाकी चुकीची. कपलरवर: रिंग गळतेय किंवा तोंड अर्धवट उघडलंय. फिल्टर किंवा लॉक-ऑफवर: फिल्टर चोंदलाय. द्रवाला अडथळा येतो, त्याच्या पुढे दाब पडतो आणि तिथेच वाफ होते. व्हेपोरायझरवर: त्याला गरम कूलंट मिळत नाही. रेडिएटरची पातळी, व्हेपोरायझरला जाणारे दोन्ही पाइप आणि उघडा अडकलेला थर्मोस्टॅट या क्रमाने बघा. इंजिन गरम असताना दोन्ही पाइप हाताला गरम लागले पाहिजेत. एक गरम, एक थंड म्हणजे मध्ये हवा किंवा गाळ. आणि पावसाळ्यात टाकीवर नुसतं पाणी सुटलेलं दिसतं ते दव, त्याची काळजी नको. नखाने खरवडला तर निघतो तो बर्फ.

फिल्टर आणि व्हेपोरायझरमध्ये काळपट तेलकट गाळ जमतो, एलपीजीतले जड घटक तिथे मागे राहतात. व्हेपोरायझरच्या तळाला ड्रेन प्लग असतो. इंजिन कोमट, टाकी बंद, होज रिकामा आणि गाडी उघड्यावर, असं असतानाच तो सोडायचा.

निफाडची थंडी, एप्रिलचं ऊन

भारतातल्या एलपीजीत ब्युटेन बराच असतो. प्रोपेन उणे ४२ अंशांवर उकळतो, ब्युटेन शून्याच्या किंचित खाली. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पाच-सहा अंशांपर्यंत, कधी त्याहून खाली जातो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचे आकडे दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात येतात. त्या पहाटे टाकीतला दाब दोन-तीन बारवर आलेला असतो, व्हेपोरायझर थंडगार असतो आणि गाडी सेल्फला तोंड देत नाही. टाकी बैठकीमुळे वाफ देत असेल तर आणखी वाईट. प्रोपेन आधी निघून जातो, मागे ब्युटेन उरतो आणि थंडीत तो बाहेर यायला नाखूश असतो.

यावर उपाय म्हणजे गाडी रात्री शेडखाली लावणं, सुट्या टाक्या सकाळचं ऊन लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात ठेवणं, आणि गाडी चालू झाली की कूलंट गरम होईपर्यंत लोड न उचलणं. सेल्फ पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये अर्धा मिनिट थांबा. टाकीवर उकळतं पाणी ओतणं, हिटर लावणं, ब्लोलॅम्प दाखवणं हे काही ठिकाणी सर्रास चालतं. यातलं एकही करायचं नाही. एका जागी तापलेल्या लोखंडाच्या आत काय चाललंय ते बाहेरून कळत नाही.

एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळीसला टेकतो तेव्हा उलट काळजी. टाक्या पत्र्याच्या बंद खोलीत कोंडू नका. वरून सावली, चारही बाजूंनी हवा, टाकी उभी, भरलेल्या आणि रिकाम्या वेगळ्या. बॅटरी चार्जिंगची जागा लांब.

बदलायची जागा

हवेशीर शेडपेक्षाही उघडं मैदान बरं. ठिणगी, वेल्डिंग, ग्राइंडर, विडी-सिगारेट यांपासून किमान सात-आठ मीटर. मुख्य गोष्ट खड्ड्यांची. डॉक लेव्हलरच्या खालचा खड्डा, वजनकाट्याचा खड्डा, गाडी दुरुस्तीचा पिट, गटाराची जाळी, तळघराचा जिना यांच्याजवळ टाकी बदलायची नाही. गॅस तिथे उतरला की तासन्तास बसून राहतो आणि पंपाच्या स्विचने पेटतो. गोदामात जागा नाही म्हणून डॉकच्या तोंडावरच टाकी बदलणं ही सर्वात जास्त दिसणारी आणि सर्वात वाईट सवय आहे.

घरगुती टाकी आणि कागदपत्रं

१४.२ किलोची घरगुती टाकी फोर्कलिफ्टला लावणं किंवा तिच्यातून गॅस दुसऱ्या टाकीत ओतणं बेकायदा आहे. २०००च्या एलपीजी पुरवठा व वितरण नियमन आदेशानुसार आणि जीवनावश्यक वस्तू कायदा, १९५५ खाली त्यावर कारवाई होते. कायदा बाजूला ठेवला तरी ओतलेल्या टाकीत किती भरलं हे कुणालाच ठाऊक नसतं आणि वीस टक्के जागा उरलीच असेल असं नाही.

गॅस सिलिंडर नियम, २०१६ प्रमाणे एका वेळी एकूण १०० किलोपर्यंत एलपीजी परवान्याशिवाय ठेवता येतो. १९ किलोच्या पाच टाक्या म्हणजे ९५ किलो. सहावी आली की पेसोच्या (स्फोटकं आणि दाबाच्या गॅसचे परवाने देणारी केंद्र सरकारची संस्था) परवान्याचा प्रश्न येतो. टाकी घेताना वरच्या पट्टीवरची तपासणीची मुदतही वाचा. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर, पुढे वर्षाचे दोन आकडे. मुदत उलटलेली टाकी गेटवरूनच परत.

गळती थांबत नसेल तर

टाकीचा व्हॉल्व्ह बंद करता आला तर करा आणि बाजूला व्हा. इंजिन चालू करू नका, चालू असलेली दुसरी गाडी जवळ आणू नका. कुठलाही स्विच चालू किंवा बंद करायचा नाही, एक्झॉस्ट फॅनसुद्धा नाही. हाताने उघडणारं शटर उघडा, मोटरवालं शटर तसंच राहू द्या. वीज तोडायची तर बाहेरच्या, लांबच्या मेन स्विचवरून. माणसं वाऱ्याच्या वरच्या अंगाला न्या आणि तिथे गेल्यावरच फोन काढा: एलपीजी गळतीसाठी १९०६, अग्निशमनासाठी १०१, किंवा ११२.

गळणारा गॅस पेटलाच तर व्हॉल्व्ह बंद करता येत असेल तरच ज्वाला विझवायची. गॅस चालू ठेवून डीसीपीने (सुक्या रासायनिक पावडरच्या अग्निशामकाने) ज्वाला विझवली तर न जळलेला गॅस साचतो आणि पुढची ठिणगी मोठी आग लावते. ज्वाला टाकीच्या अंगावर येत असेल तर लांबून पाणी मारणंही अग्निशमनच्या लोकांवर सोपवा आणि जागा रिकामी करा.

द्रव हातावर उडाला तर चटका बसल्यासारखी जखम होते. कोमट पाण्यात हात धरा, चोळू नका, चिकटलेला मोजा ओढू नका, दवाखान्यात न्या.

खराब टाकी परत पाठवताना

टाकीत काय दोष आहे हे तिच्यावर लिहून पाठवा: "व्हॉल्व्ह पास", "दांड्याशी गळती", "नळी सरळ, आडवी चालत नाही". तोंडी सांगितलेलं गाडी सुटेपर्यंत विसरलं जातं. जाड खडूने टाकीवर लिहा, गेटपासवर टाकीचा क्रमांक घाला आणि वितरकाच्या माणसाची सही घ्या. तीच टाकी नुसती भरून पुन्हा तुमच्याच दारात आली तर तो क्रमांक दाखवून ती न उतरवता परत करता येते.